कसंसंच

चक्कर येण्याला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. भोवळ आहे, घेरी आहे, झीट आहे. डोळ्यांपुढे अंधारी येते, काजवे चमकतात, डोके गरगरते. भोवळ म्हणताच भोवरा आठवतो, घेरी म्हणताच चहूबाजूंनी वेढा पडल्यासारखे वाटते. संस्कृतात डोकावावे तर मूर्च्छा आणि भ्रम ही भावंडे माधवनिदानात एकाच अध्यायात शेजारीशेजारी बसलेली दिसतात. मराठीने पुढे भ्रमाला तत्त्वज्ञानाकडे दत्तक दिले आणि शरीराच्या फिरण्यासाठी भोवळ घरात ठेवून घेतली. आमच्या जुन्या कादंबऱ्यांचे आणि चित्रपटांचे तर भोवळीवाचून पानच हलत नसे. नायिका भोवळ येऊन पडली की समजावे, डॉक्टर बाहेर येऊन गोड बातमी सांगणार. एवढी श्रीमंती हाताशी असताना डिसेंबर 2023 मध्ये एका डॉक्टरांसमोर बसून ‘चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं?’ या प्रश्नाला उत्तर देताना आम्ही अडखळलो. तीस वर्षे इतरांच्या लेखनातील शब्द तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

प्रसंग पर्वतीवरचा. तिथल्या 103 पायऱ्या आम्ही गेली चार वर्षे आठवड्यातून पाच दिवस चढतो-उतरतो. नानासाहेब पेशव्यांचे हे देवस्थान. पायऱ्या ऐसपैस आणि बेताच्या उंचीच्या, त्यामुळे चढणाऱ्याला आपल्या दमाविषयी गैरसमज होण्यास अनुकूल. (पानिपतानंतर 1761 साली नानासाहेबांनी याच टेकडीवर देह ठेवला, हा तपशील चढताना आठवू नये एवढे पथ्य आम्ही पाळतो.) वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगून ठेवले आहे, आणि तेही बलवानांना, थंडीत आणि वसंतात. थंडी होती, एवढी एक अट आम्ही पूर्ण करत होतो. त्या दिवशी मागून धावत आलेल्या दोन मुलांनी ‘आजोबा, जरा बाजूला’ असे म्हटले. आम्ही छप्पन्न वर्षांचे. पुढची फेरी आम्ही आजोबांना न शोभेल अशा वेगाने पुरी केली आणि वर पोचल्यावर, आपल्याला धाप लागलेली नाही हे जगाला कळावे म्हणून, सिंहगडाच्या दिशेला तोंड करून ताठ उभे राहिलो.

मग सिंहगड गेला. आधी दृश्याच्या कडा काळ्या झाल्या, मग मध्य. कानात एक बारीक शीळ सुरू झाली, देवळातील घंटा फार लांबून आल्यासारखी ऐकू आली आणि कपाळावर गार घाम फुटला. रोज दिसणाऱ्या, पण कधी नाव न विचारलेल्या एका आजींनी दंडाला धरून आम्हाला खाली बसवले. ‘आधी बसा. उभे काय राहताय?’ एवढेच त्या म्हणाल्या. बसल्यावर, आणि मग त्यांच्याच हुकमावरून चक्क आडवे झाल्यावर, मिनिटाभरात सिंहगड पूर्ववत जागेवर आला.

घरी आम्ही ‘जरा ऊन लागलं’ असे सांगितले. डिसेंबरात, सकाळी सात वाजता. दुसऱ्या दिवशी एका कवी-मित्राला तीच हकिगत थोडी निगुतीने सांगितली. आठवड्याभरात आणखी दोघांना. प्रत्येक खेपेस ती सुधारत गेली. विशेषणे नेमकी झाली, घंटेचा आवाज आधी नव्हता तिथे येऊन बसला, आणि मुख्य म्हणजे अंधारी येण्याची जागा खाली सरकली. वर पोचून स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाला चक्कर येणे यात नाट्य काय? तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ती ऐंशीव्या पायरीवर येऊ लागली. आम्ही खोटे बोलत होतो असे नव्हे. हात जसा वळवला तसे अक्षर उमटत गेले, आणि मग तेच आमचे हस्ताक्षर झाले.

म्हणून डॉक्टरांनी विचारले तेव्हा आम्ही आमची उत्तम आवृत्ती त्यांना ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘कसं होतं ते राहू द्या. कधी होतं ते सांगा. चढता चढता झालं, की चढून थांबल्यावर?’

हा प्रश्न एवढ्या तातडीचा का, हे आम्हाला नंतरच्या वाचनातून कळले. 1972 साली डेव्हिड ड्रॅकमन आणि सेसिल हार्ट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी चक्करेचे चार प्रकार पाडले: भोवताल फिरल्यासारखे वाटणे, आता शुद्ध जाणार असे वाटणे, तोल न सांभाळणे, आणि या तिन्हींत न बसणारे, डोके हलके झाल्यासारखे काहीतरी. रुग्ण कोणते शब्द वापरतो यावरून आजार कानाचा, हृदयाचा, मेंदूचा की मनाचा हे ठरवावे, अशी ही पद्धत पुढे कित्येक वर्षे शिकवली गेली. आम्हा शब्दवाल्यांना ती फार आवडण्यासारखी. पण 2007 साली अमेरिकेतच तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांना चक्करेचे वर्णन निवडायला सांगून, काही मिनिटांनी तोच प्रश्न पर्यायांचा क्रम बदलून पुन्हा विचारण्यात आला. निम्म्याहून अधिक लोकांनी उत्तर बदलले. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, याविषयी मात्र ते बरेच ठाम होते. म्हणजे विशेषणे डळमळीत, क्रियाविशेषणे भक्कम. मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे डोके हलके होते ते कर्ज फिटल्यावर किंवा केस कापल्यावर. एखाद्या मराठी रुग्णाने ‘डोकं हलकं झालं’ असे सांगितले तर डॉक्टरांनी त्याचे अभिनंदन करायचे की रक्तदाब मोजायचा?

आता त्या ‘कधी’विषयी. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते आणि त्यातले स्नायूंच्या वाट्याला येते ते फार तर पाचवा हिस्सा. जोराचा व्यायाम सुरू झाला की हेच हृदय वीस लिटरपर्यंत जाते आणि त्यातील बहुतांश रक्त स्नायूंकडे वळते. तिथल्या रक्तवाहिन्या सताड उघडतात. पायांतले हे रक्त वर परत आणण्याचे काम एकट्या हृदयाचे नाही. पोटऱ्यांचे स्नायू आवळताना शिरा पिळल्या जातात, शिरांतल्या लहान झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत, आणि पावलागणिक रक्त वर चढते. पोटऱ्यांना दुसरे हृदय म्हणतात ते यासाठी. माणूस चढून आला आणि खांबासारखा उभा राहिला, की हे दुसरे हृदय तत्क्षणी बंद पडते. उघडलेल्या रक्तवाहिन्या मात्र लगेच मिटत नाहीत. रक्त पायांत साचते, हृदयाकडे कमी परतते, दाब उतरतो, आणि उंचावर बसलेल्या मेंदूला सर्वांत आधी टंचाई जाणवते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत कोसळणारे धावपटू बहुधा अंतिम रेषा ओलांडल्यावर कोसळतात ते याच कारणाने, आणि त्यांना आडवे करून पाय वर उचलून धरले की बहुतेक जण थोड्या वेळात उठून बसतात. पर्वतीवरच्या आजींना हे कोणी शिकवले नव्हते.

चढता चढताच अंधारी येणे ही निराळी गोष्ट. पोटऱ्या आपले काम करत आहेत, रक्त परत येते आहे, आणि तरीही मेंदूला पुरत नाही, याचा अर्थ पुढे कुठेतरी वाट अडली आहे किंवा हृदयाचा ठेका चुकला आहे. हृदयातून महारोहिणी निघते तिथल्या झडपेचे तोंड सामान्यतः तीन ते चार चौरस सेंटिमीटरचे असते. ते आक्रसत एक चौरस सेंटिमीटरच्या खाली आले तरी बसल्या माणसाचे भागते. श्रम करताना स्नायूंतली दारे उघडतात, मागणी चौपट होते, आणि त्या चिंचोळ्या तोंडातून जास्तीचे रक्त काही बाहेर पडत नाही. रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी 1968 साली लिहून ठेवले आहे की या आजारात शस्त्रक्रियेवाचून राहिलेला रुग्ण श्रमाने शुद्ध हरपू लागल्यापासून सरासरीने तीनेक वर्षे जगतो.

डॉक्टरांच्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. ‘चढताना,’ असे तोंडाशी आले होते, कारण सात-आठ दिवस आम्ही तसेच सांगत आलो होतो. ‘वर गेल्यावर,’ असेही वाटत होते, पण ते आठवते आहे की तसे असावे अशी इच्छा आहे, याचा उलगडा होईना. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. ‘वडील कशाने गेले?’

वडील आम्हाला औंधमुळे आठवतात. सातारा जिल्ह्यातले औंध, पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचे गाव. भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि आपल्या शाळांतून मुलांना तो लावला. वडील त्या शाळेतले. सवय अशी की पुढे मास्तरकी करत गावोगाव फिरले तरी पहाटेचे एकशे आठ नमस्कार सुटले नाहीत. खिशातल्या छोट्या डायरीत ते रोजचा आकडा लिहीत. बाजूला काही नाही, नुसता आकडा.

1983 च्या उन्हाळ्यात ते नमस्कारांच्या मध्येच थांबून खिडकीचा गज धरून उभे राहू लागले. ‘काय झालं?’ असे आईने विचारले की म्हणत, ‘काही नाही, जरा कसंसंच झालं.’ आईच्या मते ते पित्त होते. आमच्या घरात न समजणाऱ्या सगळ्या गोष्टी पित्तात मोडत. मोरावळा सुरू झाला, कोकमाचे सरबत झाले, रात्रीचा भात बंद झाला. त्या नवरात्रात आम्ही सगळे औंधला यमाईच्या डोंगरावर गेलो. वाटेत संस्थानाचे वस्तुसंग्रहालय लागते, तिथवर ते बरे होते. पुढच्या पायऱ्यांवर ते दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा आम्ही नारळाची पिशवी घेऊन शेजारी उभे होतो, सोळा वर्षांचे, आणि वर लवकर पोचण्याची घाई असलेले. ते गावाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘इथून आमची शाळा दिसते बघ.’ आम्ही शाळा पाहिली. त्यांच्याकडे पाहिले नाही. ओठ पांढरे पडले होते, हे आक्काने, आमच्या थोरल्या बहिणीने, फार नंतर सांगितले.

जानेवारी 1984 मध्ये शाळेच्या जिन्यावर ते कोसळले. वय छप्पन्न. ‘हृदयविकाराचा झटका’ असे सगळे म्हणाले आणि आम्हीही पंचवीस वर्षे तसेच सांगत राहिलो. 2009 साली आई गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी ती डायरी निघाली. मार्चमध्ये 108, मेमध्ये 80, जूनअखेर 50, ऑगस्टात 24. पुढे बारा, मग सहा. त्यातच घडी घातलेला कागद होता, साताऱ्याच्या एका डॉक्टरांच्या हातचा, ऑगस्ट 1983 चा. महारोहिणीची झडप आक्रसली असावी, श्रम टाळावेत, मुंबईस नेऊन दाखवावे, अशा अर्थाच्या तीन ओळी. म्हणजे यमाईच्या पायऱ्या चढताना हा कागद त्यांच्या खिशात होता. तेव्हा झडप बदलण्याच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे होत, पण झडप परदेशातून येई आणि तिची किंमत मास्तराच्या मिळकतीत बसणारी नव्हती; तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तयार झालेली स्वदेशी झडप पहिल्यांदा माणसाला बसली ती डिसेंबर 1990 मध्ये. त्यांनी हिशेब केला असेल का? की तीन ओळींचा अर्थच त्यांना नीट कळला नसेल? ‘कसंसंच’ हा शब्द आम्ही पुष्कळ काळ अडाणीपणाचा समजत होतो. कागद सापडल्यावर तो आम्हाला लपवाछपवीचा वाटला. आज नुसता तो शब्द ऐकला तरी खिडकीचा गज दिसतो.

डॉक्टरांना हे सगळे सांगितले. त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, मग मानेच्या दोन्ही बाजूंना ठेवला. झडप आक्रसलेली असेल तर तिचा खरखरता ध्वनी मानेपर्यंत चढतो. ‘काही ऐकू येत नाही, पण इको केल्याशिवाय पायरी चढायची नाही,’ असे त्यांनी बजावले. ट्रेडमिलचे आम्ही सुचवून पाहिले. झडपेचा संशय असताना पळवून बघण्याचा शहाणपणा त्यांना मान्य नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी, पहिल्या पायरीच्याही अलीकडे, त्या आजींची वाट पाहत उभे राहिलो. त्या उतरल्यावर विचारले, ‘त्या दिवशी मला नक्की कधी झालं हो?’ त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की ज्याची गोष्ट त्यालाच ठाऊक नाही. ‘तुम्ही वर आलात. चांगले उभे राहिलात. रुमाल काढून तोंड पुसलंत, परत घडी करून खिशात ठेवलात. मग पांढरे पडलात.’ रुमालाची घडी आमच्या एकाही आवृत्तीत नव्हती.

इको झाला. काळ्या पडद्यावर झडप दिसली. तीन पाकळ्या, मर्सिडीज मोटारीच्या बोधचिन्हासारख्या, उघडत होत्या आणि मिटत होत्या. तोंड पुरेसे मोठे. आम्ही तो पडदा पाहत असताना डॉक्टरांनी सहज विचारले, अलीकडे कोणते नवे औषध सुरू झाले आहे का. होते. पौरुषग्रंथीच्या तक्रारीसाठी दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली गोळी. रक्तदाबाची जुनी गोळी होतीच. ही नवी गोळी स्नायू सैल करते, आणि काही जणांत रक्तवाहिन्याही सैल करते. त्यावर पाणी न पिता चढणे, ईर्ष्येने चढणे आणि चढून पुतळ्यासारखे उभे राहणे. पहिल्या भेटीत आम्ही घंटेच्या आवाजाचे साग्रसंगीत वर्णन केले होते आणि गोळीचा उल्लेखही केला नव्हता, कारण ती वाङ्मयात बसत नाही. गोळी मनाने बंद न करता देणाऱ्या डॉक्टरांना विचारून बदलावी, निघण्यापूर्वी पाणी प्यावे, वर पोचल्यावर पाच मिनिटे चालत राहावे, एवढ्यावर आमचे प्रकरण मिटले.

उठता उठता डॉक्टर म्हणाले, ‘भावंडं किती?’ पन्नाशीतच झडप आक्रसली असेल तर लहानपणीचा सांधेतापाचा आजार किंवा जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असणे, या दोन शक्यता आधी धरतात. दुसरी घराण्यात चालू शकते. तुमची पाहिली, बहिणीची पाहून घ्या.

आक्का कोल्हापूरला असते. तेव्हा बासष्टीची होती. फोनवर तिने आम्हाला धुडकावून लावले. ‘मला कशाला तपासण्या? काही झालेलं नाही मला. पित्ताचा त्रास आहे, तो पहिल्यापासूनचा. आता तिसऱ्या मजल्यावर राहायचं म्हणजे जिन्यात मध्येच जरा कसंसंच होतं, तेवढं थांबलं की जातं.’

‘आक्का, चढताना, की वर पोचल्यावर?’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. ‘चढताना,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या मजल्याच्या वळणावर.’

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघालो. तिच्या झडपेला दोनच पाकळ्या होत्या आणि तोंड एक चौरस सेंटिमीटरच्याही आत आले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये शस्त्रक्रिया झाली. तिच्याशी बोलताना वडिलांच्या डायरीचा विषय निघाला तेव्हा ती एवढेच म्हणाली की यमाईच्या पायऱ्यांवर त्यांचे ओठ तिने पाहिले होते आणि ती तेव्हा काही बोलली नव्हती.

मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला गेलो. ती आमच्यापुढे जिना चढत होती, एका हातात भाजीची पिशवी, दुसरा कठड्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही न राहवून विचारले, ‘कसं वाटतंय?’

‘काही वाटत नाही,’ आक्का म्हणाली आणि चढत राहिली.